सतरा तारखेचा वारा

त्या किनाऱ्यावर एका दुपारात चार ऋतू येऊन जात आणि एकही बूड टेकून बसत नसे. ऊन पडलं म्हणून धाकटीने धुतलेले सदरे डोलकाठीच्या दोराला वाळत घालावेत, तोवर डोंगराआडून ढग डोकवायचा. सदरे काढेपर्यंत गारा पडायच्या, आणि गारा ओंजळीत घेऊन बघावं तर पुन्हा ऊन. घड्याळजी म्हणायचे, इथल्या आभाळाला कुणीतरी किल्ली जास्त दिलीय.

धाकटी ही घड्याळजींची बायको. माहेरी दोघी बहिणी, त्यांतली ती धाकटी. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी नाव तेच राहिलं. घड्याळजींनी बाजारातल्या हातभर गाळ्यात डोळ्याला भिंग लावून बत्तीस वर्षं लोकांच्या वेळा दुरुस्त केल्या, आणि स्वतःचा सगळा रिकामा वेळ परसात एक बोट ठोकण्यात घालवला. बोट बारा पावलांची, त्यातली चार नुसती टोकात गेलेली. आत दोन फळ्यांचं अंथरूण, एक स्टोव्ह, आणि भिंतीला पितळी बॅरोमीटर. त्याला घड्याळजी रोज सकाळी बोटाने टिचकी मारून विचारपूस करत. लाकूडकाम त्यांचं, शिडं धाकटीची. तिने लोकांचे परकर-पोलकी शिवून संसार पुढे ढकलला होता. शीड म्हणजे तरी काय, वाऱ्याला घालायचं पोलकंच, असं ती म्हणायची.

दोघांचा एक नियम होता. सात वर्षांपूर्वी घड्याळजी तिचं न ऐकता एका वाईट सकाळी बाहेर पडले होते. डोलकाठीला तडा गेला, आणि सहा तास धाकटी बादलीने पाणी उपसत बसली. आडोशाला पोचल्यावर ती एक अक्षर बोलली नाही, आणि तेच घड्याळजींना लागलं. त्यांनी आपणहून ठरवून टाकलं की सकाळी चहाच्या आधी दोघांनी बाहेर येऊन आभाळ बघायचं आणि एकेका शब्दात सांगायचं. एकाने ‘नको’ म्हटलं की नको. कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की वाद होतो, आणि वादात आपणच जिंकतो, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. त्या नियमाने सात वर्षं बोट सुखरूप ठेवली, आणि संसारही.

या खेपेला ते भटकायला निघाले नव्हते. थोरलीचं पत्र आलं होतं.

थोरली किनाऱ्याच्या पार शेवटच्या टोकाला राहायची. दहाबारा घरांची वस्ती, रस्ता नाही, फोनला रेंज नाही, पंधरा दिवसांनी एकदा येणारी लाँच. अकरा वर्षं दोघी बहिणींच्या बोलाचालीला कुलूप होतं, आणि एकाएकी या चार ओळी आल्या. विहीर खारट झाली, वस्ती उठते आहे. वीस तारखेच्या लाँचने मी मुलाकडे जाते, समुद्रापार. आता परत येणं होणार नाही. त्याआधी यायचं तर ये. वाऱ्याने येता, म्हणून आधी कळवते.

लाँचने गेलं असतं तर भेट तासाभराची, आणि तीही सामान चढवण्याच्या गडबडीत. आपल्या बोटीने गेलं तर सोळा तारखेपर्यंत पोचता येत होतं, चार दिवस हाताशी राहत होते. अकरा वर्षांचं चार दिवसांत उसवून पुन्हा शिवायचं म्हणजे घाईच. पण धाकटीने उभ्या जन्मात घाईच्या ऑर्डरीच शिवल्या होत्या. सात तारखेला ते निघाले.

कुलूप लागलं होतं ते एका शिवणयंत्रावरून. आई शिवणकाम करायची. मशीनचं पायडल हाणता हाणता त्याच्या तालावर ओळी जुळवायची आणि दोघी पोरी चिंध्यांत बसून ऐकायच्या:

सुई निघाली पुढं, दोरा निघाला मागं
माय लेकींना सांगं, टाका तुटू नये

आईचं शेवटचं वर्ष थोरलीच्या घरी, अंथरुणात गेलं. त्याच वर्षी घड्याळजींची बोट पुरी होत आली होती आणि जाड कापड पेलणारं मशीन धाकटीकडे नव्हतं. ती लाँचने गेली, दोन दिवस राहिली, आणि निघताना म्हणाली, आईचं मशीन नुसतं पडूनच आहे, मी नेते. थोरली ‘ने’ म्हणाली.  आईला झोप लागावी म्हणून ती रोज तिन्हीसांजेला कापड न घालता, सुई काढून, रिकामं मशीन अर्धा अर्धा तास चालवत असे, हे तिने सांगितलं नाही. चार महिन्यांनी आई गेली, तेव्हा थोरलीच्या पत्रात ते एका ओळीत आलं: तू मशीन नेलंस, आणि आई शेवटपर्यंत विचारत राहिली की आवाज का थांबला.

धाकटीने त्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, खूपदा लिहिलं. पाठवलं नाही.

पहिले सात दिवस बरे गेले. वारा चिडका होता तरी कामाचा होता. आठव्या दिवशी गारांच्या माऱ्यात खिडकीची फट राहून गेली आणि बोटीवरचं बिनतारी यंत्र भिजून मुकं झालं. घड्याळजींनी ते खोलून पाहिलं, भिंग लावून पाहिलं, आणि शेवटी पंच्यावर मांडून ठेवलं; काट्यांचं असतं तर बोललं असतं, म्हणाले. चौदाला संध्याकाळी एका अरुंद खाडीत नांगर टाकला. वस्ती तिथून दोन दिवसांवर.

पंधराला धुकं होतं; स्वतःचा हात स्वतःला परका वाटावा इतकं. घड्याळजी ‘नको’ म्हणाले. सोळाला सरींवर सरी. धाकटी ‘नको’ म्हणाली, आणि त्या ‘नको’त खोट नव्हती.

सतराला ती बाहेर आली तेव्हा आभाळ धुतलेल्या काचेसारखं होतं. वारा मागून, एकसारखा, जणू पाठीवर हात ठेवून ‘चला’ म्हणणारा. घड्याळजींनी शिडाची दोरी सोडायला हातही घातला होता. धाकटी मनात हिशोब करू लागली. आज निघालो तर उद्या संध्याकाळी ताईच्या दारात. दार उघडेल. आधी कोण बोलणार? मशीन बरोबर आणावं की काय, असं निघताना तिच्या मनात आलं होतं. पण आई नाही तिथे मशीन घेऊन जायचं म्हणजे जखम भरल्यावर मलम न्यायचं. मग न्यायचं काय? रिकाम्या हातांनी, कुठल्या तोंडाने?

“नको,” ती म्हणाली.

घड्याळजींनी आभाळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग दोरी पुन्हा बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि चहा ठेवायला आत गेले.

दिवसभर ती शीड मांडीवर घेऊन बसली. एक चांगली शिवण तिने उसवली आणि पुन्हा घातली. प्रत्येक टाक्याला एक वाक्य जुळवत होती. ‘ताई, मला माहीत नव्हतं.’ हे खरं होतं, पण कारणासारखं वाटत होतं. ‘ताई, तू सांगायचं होतंस.’ हेही खरं होतं, पण भांडणासारखं. ‘ताई, चुकलं.’ हे एवढंसं होतं की अकरा वर्षांना पुरत नव्हतं.

अठरालाही तेच आभाळ, तोच वारा. घड्याळजींनी बॅरोमीटरला टिचकी मारली आणि आकडा जरा मोठ्यानेच वाचून दाखवला. एरवी ते मनातच वाचत. ती ‘नको’ म्हणाली. ते पाण्याचे डबे घेऊन ओढ्यावर गेले आणि अर्ध्या तासाच्या कामाला तीन तास लावून परतले. जेवताना त्यांनी मिठाबद्दल काही म्हटलं, तिने डाळीबद्दल काही म्हटलं. चोराच्या मनात चांदणं असतं. तिला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर तिने चिडून सगळं ओकून टाकलं असतं. पण घड्याळजी शब्दाचे पक्के.

एकोणिसाला ती आधी उठली आणि ते बाहेर यायच्या आतच म्हणाली, “जायचं.”

वारा रात्रीतून फिरला होता. आता तो समोरून येत होता, आणि समोरच्या वाऱ्यात शिडाच्या बोटीला सरळ जाता येत नाही. तिरपं इकडे, तिरपं तिकडे, एक कोस पुढे जायला दोन कोस पाणी कापायचं. घड्याळजींनी रात्रभर सुकाणू सोडलं नाही. धाकटीने चारदा चहा दिला आणि चारही वेळा तो वाऱ्याने थंड केला.

वीसला अकराच्या सुमाराला समोरून लाँच आली. पांढरी, कमरेला निळा पट्टा. वस्तीच्या बाजूने येत होती, म्हणजे थोरली तिच्यावर होती. धाकटी डोलकाठीला धरून उभी राहिली, डोक्याचा रुमाल सोडून हलवू लागली. डेकवर माणसं दिसत होती, बोटभर उंचीची, सामानाच्या ढिगांत. त्यांतली कुठली आपली, हे कळेना. अकरा वर्षांत थोरली वाकली असेल, जाड झाली असेल, काठी घेत असेल. सख्खी बहीण कोणती, ते तिला ओळखू येईना. लाँचने एक भोंगा दिला, कुठल्याही शिडाला देतात तसा, आणि ती निघून गेली. तिच्या लाटांवर बोट बराच वेळ मान हलवत राहिली.

घड्याळजींनी बोट वळवायचा विचार केला असावा; त्यांचा हात सुकाणूवर सरकला. पण इंजिनाच्या मागे वारा धावत नाही. ते म्हणाले, “वस्तीवर बिनतारी आहे. पोचूया.”

वस्ती जवळजवळ उठलीच होती. धक्क्यावर बिनतारी सांभाळणारा म्हातारा भेटला. यंत्र काढून न्यायला पुढच्या खेपेला माणूस येईपर्यंत तो राहणार होता. त्याने दोघांना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, शिडाची बोट म्हणजे तुम्हीच ते. तुमची ताई तीन दिवस दुर्बीण घेऊन टेकडीवर बसली होती. मी म्हटलं, आज्जे, भाकरी करपेल. तर म्हणाली, करपू दे. लाँचची शेवटची हाक पाच वाजता असते, दीपगृहाच्या टोकावरून. त्यानंतर ती डोंगराआड जाते. पाचला या, बोलता येईल. तोवर घर उघडंच आहे.

घर खरंच उघडं होतं. भिंतींवर काढलेल्या तसबिरींचे उजळ चौकोन होते. चूल अजून कोमट. आतल्या खोलीत दोघांचं अंथरूण घातलेलं, चादरीच्या घड्या न मोडलेल्या, उशाशी पाण्याचा तांब्या भरून झाकलेला. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर तेवढं राहिलं होतं. थोरलीला चाळीस वर्षांची सवय होती. रोजच्या चौकोनात पेन्सिलीने हवा टिपून ठेवायची. धाकटीने चष्मा पुसला आणि वाचलं. पंधरा: धुकं. सोळा: पाऊस. सतरा: स्वच्छ, त्यांना मागचा वारा, उद्या येतील. अठरा: स्वच्छ. एकोणीस: वारा फिरला. विसाचा चौकोन कोरा.

घड्याळजी तिच्या खांद्यामागून वाचत होते. समुद्राकाठी जन्म काढलेल्या बाईला हवेची थाप मारता येणार नव्हती, हे दोघांनाही एकदमच कळलं. ते खाली चुलीपाशी बसले.

“मी विचारायला हवं होतं,” ते म्हणाले.

“विचारलं असतंत तर भांडले असते मी.”

“भांडलो असतो. दोन तास भांडलो असतो. मग निघालो असतो.”

तिला त्यांचा राग आला, आणि तो राग कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून तिने कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि रिकाम्या घराचा केर काढला.

पाचला बिनतारीच्या खोलीत तिघं उभी होती. खोली कपाटाएवढी, एक टेबल, एक स्टूल, भिंतीवर तारांची जळमटं. म्हाताऱ्याने तिच्या हातात बोलायचा ठोकळा दिला आणि समजावलं: बोलताना हे बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं, दाबलेलं असताना पलीकडचं ऐकू येत नाही. ती ‘बरं’ म्हणाली. खरखरीतून लाँचच्या कप्तानाचा आवाज आला. म्हाताऱ्याने आजींना बोलवायला सांगितलं, आणि मग तो घड्याळजींना म्हणाला, चला, आपण बाहेर उभे राहू. बहिणी-बहिणींचं बोलणं आहे. घड्याळजी गेले. दार त्यांनी हळूच लोटून घेतलं.

“धाकटे.”

आवाज जाड झाला होता, थकला होता, पण शब्दाच्या शेवटी तोच हेल होता, चिंध्यांत बसून हाक मारायची तो.

“ताई.”

“शीड दिसलं मला. थांबव म्हटलं त्याला. पण भरती गाठायची होती, नाही थांबला.” मध्ये नुसती खरखर. “वारा आडवा आला का गं?”

जिने आपल्या हाताने ‘स्वच्छ’ लिहिलं होतं, तीच बाई तिला सबबीचा पाट मांडून देत होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर दोघींनी हवेबद्दल चार वाक्यं बोलून निरोप घेतला असता, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

“नाही ताई,” धाकटी म्हणाली. “वारा चांगला होता. सतराला चांगला होता, अठरालाही. मीच नको म्हटलं. तुझ्यासमोर यायची भीती वाटली मला. तू रिकामं मशीन चालवायचीस, ते माहीत असतं तर हात लावला नसता मी. पण उत्तर तरी लिहायचं होतं. अकरा वर्षं, ताई…”

 ती रडायला लागली, आवाज न करता, दोन्ही हातांनी तो ठोकळा छातीशी आवळून. बोटीवर ती एकच गोष्ट पुरती शिकली होती: ताण आला की दोर सोडायचा नाही. ती वाट पाहत राहिली. पलीकडून काही येईना. खरखरसुद्धा नाही. तिला वाटलं, हेच उत्तर. बरोबरच आहे, मी अकरा वर्षं दिलं तेच मला मिळतंय. खिडकीतून दिसणारं पाणी राखाडी झालं, मग निळं झालं, मग परत राखाडी. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. मग तिची नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली. तो बटणावर इतका रुतला होता की नखाखाली पांढरा पडला होता.

तिने सोडलं.

“…ऐकताय का?” कप्तान म्हणत होता. “वस्ती, ऐकताय का? आजी खाली गेल्या. आम्ही टोकापाशी आलो.”

“काय म्हणाली?” धाकटीने बटण दाबलं, विचारलं, आणि ताबडतोब सोडलं. “काय म्हणाली ती?”

“मी बाहेर होतो, बाई. म्हटलं, घरचं बोलणं आहे. पण बराच वेळ बोलत होत्या. मधे हसल्या वाटतं. की रडल्या, काचेतून कळलं नाही.” मग आवाज तुटत तुटत गेला, आणि लाँच डोंगराआड झाली.

धाकटी दार उघडून बाहेर आली तेव्हा दोघं पुरुष पायऱ्यांवर पाठमोरे बसले होते, कानांवर हात ठेवल्यासारखे सज्जन. घड्याळजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि या वेळी विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हातारा म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं.

दोन रात्री ती दोघं थोरलीने घातलेल्या अंथरुणावर झोपली. परतीचा वारा चांगला मिळाला. वाटेत दोघांनी मिळून त्या उत्तरात काय काय असेल याचे अंदाज बांधले. घड्याळजी चांगले चांगले अंदाज बांधायचे आणि धाकटी ते एकेक खोडून काढायची, उसवल्यासारखे. थोरली तशी शिवी देईल, असं तिला वाटायचं. मग वाटायचं, नाही, शिवी देताना हसणार नाही. मग वाटायचं, हसेलही. बाराव्या दिवशी त्यांनी तो खेळ सोडून दिला.

महिन्याने भाच्याच्या घरून फोन आला. मागे नातवंडांचा गलका होता, कुणीतरी भांडं पाडलं होतं, टीव्ही चालू होता. थोरली मजेत वाटली. तिकडची थंडी सांगितली, सुनेच्या हातचा चहा फार गोड असतो म्हणाली, गुडघ्याला कुठलंसं तेल लावते ते सांगितलं. रागाचा मागमूस नव्हता, आणि आणखीही कशाचा नव्हता. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “ताई, त्या दिवशी लाँचवरून तू काय म्हणाली होतीस? मला ऐकू आलं नव्हतं. माझ्याकडून बटण दाबलेलं राहिलं.”

पलीकडे थोरलीने आधी नातवंडांना दटावलं.

“आता कुठे आठवतंय,” थोरली म्हणाली. “असंच काहीतरी. तू जेवलीस का?”

धाकटीने ‘हो’ म्हटलं. ताटावरचं झाकण अजून उघडायचं होतं.